ह्यालापण झालं होतं का गं?

डिसेंबरातला एक रविवार. मी माझ्या वडिलांना, आप्पांना घेऊन साउंड हीलिंगच्या एका सेशनला गेले होते, मैत्रिणीने आग्रहाने दोघांची नावं घातली होती. हॉलमध्ये चटया अंथरलेल्या, पडदे ओढलेले, कोपऱ्यात काशाचे वाडगे, उदबत्तीचा जरा जास्तच वास, आणि एसी इतका की आप्पांनी मफलर काढलाच नाही, तसाही ऑपरेशन झाल्यापासून ते तो कधी काढत नाहीत. वाडगे वाजवून झाले, सगळे आडवे पडले, आणि मग सेशन घेणाऱ्या सरांनी सांगितलं की आता आपण सायबेरियातल्या शामान, म्हणजे तिकडच्या देवऋषी लोकांचं थ्रोट सिंगिंग ऐकणार आहोत, डोळे मिटा, हा आवाज तुमच्या गळ्यातले सगळे अडथळे मोकळे करेल. आणि स्पीकरमधून तो आवाज सुरू झाला. घाट चढताना एसटी पहिल्या गिअरमध्ये कण्हते ना, तसा. खालून, जमिनीतून आल्यासारखा, खरखरीत, दाटलेला, आणि थांबतच नाही, एका श्वासात किती वेळ चाललाय याचा अंदाजच येईना. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात आप्पा कोपरावर उठून माझ्याकडे वाकले. हळू बोलणं त्यांना आता जमत नाही, जो आवाज येतो तो एकच असतो, त्यामुळे त्यांनी जे विचारलं ते आजूबाजूच्या चारपाच जणांनी तरी ऐकलं असणार.

"ह्यालापण माझ्यासारखं झालं होतं का गं?"

मी घाईघाईत म्हटलं, नाही आप्पा, ते लोक मुद्दाम काढतात असा आवाज. ते म्हणाले, "मुद्दाम?" आणि परत आडवे झाले. नंतर सरांनी सगळ्यांना तसाच आवाज गळ्यातून काढायला लावला. आप्पांनी प्रयत्न केला, ठसका लागला, तो काही थांबेना, म्हणून आम्ही चपला घालून खाली आलो. खाली टपरीवर चहा घेतला. घरी येईपर्यंत आप्पा एक शब्द बोलले नाहीत, आणि मला ते "मुद्दाम?" टोचत राहिलं.

आप्पा मिरजेचे. शाळेत गणित शिकवायचे आणि गुरुवारी रात्री भजनी मंडळात गायचे. आवाज मोठा नव्हता, पण सरळ लागायचा. दोन वर्षांपूर्वी तो बसायला लागला, आम्ही हळद-दूध, ज्येष्ठमध, गुळण्या सगळं करून झालं, आणि मग दुर्बिणीतून दिसलं ते दिसलं. वेळेत कळलं हे नशीब. एका बाजूचा स्वरतंतू लेझरने काढला, आजार तिथेच थांबला, आणि त्याबद्दल आम्ही कोणाचे किती आभार मानावेत हे मला कळत नाही. पण आवाज गेला. गेला म्हणजे पूर्ण नाही, त्याच्या जागी दुसरा आला. स्पीच थेरपीच्या ताईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं, हे खरे स्वरतंतू, आणि हे त्यांच्या थोडे वर मांसाचे दोन पदर, ह्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, एरवी ते बोलण्यात भाग घेत नाहीत, आता काकांच्या गळ्यात खालचं काम वरचे पदर करायला बघतायत, म्हणून आवाज असा जाड येतो. आप्पांनी तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला. मग हळूहळू त्यांनी फोन घेणं बंद केलं, कारण फोनवर जुने मित्रसुद्धा विचारायचे, कोण बोलतंय? मी त्यांना पुण्याला आणलं. सोबत तानपुरा आला, तो खोळीतच होता.

खोटे स्वरतंतू हा शब्द त्यांना लागला असावा, असं मला वाटतं.

त्या रविवारनंतर रोज रात्री सगळं आवरलं की मी हेडफोन लावून हे गाणं ऐकत बसायचे. तुवा नावाचा प्रांत आहे, रशियाच्या पोटात, मंगोलियाच्या अगदी डोक्यावर. १९२१ ते १९४४ नावापुरता का होईना पण वेगळा देश होता, मग सोव्हिएत युनियनमध्ये गेला. राजधानी किझिल, तिथे दोन नद्या मिळून येनिसेई होते, थंडीत पारा उणे ४० पर्यंत उतरतो, बाकी डोंगर आणि गवताची मैदानं आणि माणसं फार थोडी. त्यांच्या या गाण्याला खूमेय म्हणतात. हा सगळ्या प्रकारांना मिळून असलेला शब्दही आहे आणि त्यातल्या एका मऊ, मधल्या पट्टीतल्या प्रकाराचं नावही. दुसरा सिगित, त्यात खालचा सूर धरून वर शीळ वाजते, शीळ म्हणजे अगदी बासरीसारखी स्वच्छ. तिसरा कार्गिरा, तो आप्पांनी ऐकला तो. याशिवाय लहान लहान तऱ्हा आहेत, एकीत घोड्यावरच्या माणसाच्या रिकिबीची लय असते, एकीत ओढ्याचं पाणी दगडांवरून खळखळतं. मी पहिले काही दिवस हे नुसतं आश्चर्य म्हणून ऐकलं, एका गळ्यातून दोन आवाज, बापरे. आश्चर्य आठवड्याभरात संपलं, आणि मग खरं ऐकायला लागले.

कारण हे मला माहीत होतं. मी ते ऐकलं होतं, वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी, मिरजेच्या घरात.

आप्पा तानपुरा लावायचे तेव्हा मला समोर बसवायचे. पितळी खर्जाची तार छेडायची आणि म्हणायचं, ऐक, आता गंधार येईल. तारा तर फक्त पंचमाची, दोन षड्जाच्या आणि ही खर्जाची, गंधार कुठून येणार? ते म्हणायचे, येतो, कोणी न लावता येतो, म्हणून तर त्याला स्वयंभू म्हणतात. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा असतो, तो ते नखाने केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचे, आणि तारेचा आवाज एकदम उघडायचा, मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा, ती जवारी. मग माझ्याकडे बघायचे. आला? मी म्हणायचे, हो, आला. खोटं. मला काही ऐकू यायचं नाही, पण त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवायचं नाही. हे कितीतरी महिने चाललं. मग एकदा उन्हाळ्यात रात्री लाइट गेले होते, पंखे बंद, गल्ली गप्प, आप्पा अंधारातच तानपुरा छेडत बसले होते आणि मी जमिनीवर पालथी पडून होते, फरशीला गाल लावून, आणि अचानक तो आला. वरून कुठूनतरी, बारीक, गोड, तारेपासून सुटा झाल्यासारखा. मी ओरडलेच. आप्पा अंधारात हसले असावेत, म्हणाले, मग इतके दिवस काय ऐकत होतीस?

तर खूमेय म्हणजे तेच आहे. कुठल्याही सुराच्या पोटात त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे बारीक सूर असतातच, आपल्या बोलण्यात पण असतात, आपण ते सगळे एकत्र ऐकतो म्हणून सुटे कळत नाहीत. मूळ सूर पहिला धरला तर पाचपटीचा पाचवा, तो गंधार. तुवाचा गायक तोंडाच्या पोकळीचा आकार असा करतो की त्यातला हवा तो एकच सूर पुढे येतो आणि बाकीचे मागे राहतात. सिगितमध्ये जीभ 'ल' म्हणताना लागते तशी टाळूला चिकटते, बाजूला एक बारीक फट. २०२० मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात संशोधकांनी एका तुवन गायकाचं गाता गाता एमआरआय काढलं होतं, त्यात दिसलं की घशात आणि जिभेपाशी अशा दोन ठिकाणी वाट अरुंद होते आणि तोंडाच्या पोकळीचे दोन घुमार एकमेकांवर येऊन बसतात, म्हणून ती शीळ एवढी टोकदार. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की ते सगळे सूर वापरत नाहीत. मुख्यतः सहावा, आठवा, नववा, दहावा, बारावा. सातवा आणि अकरावा टाळतात. मी वहीवर मांडून बघितलं, सहावा पंचम, आठवा षड्ज, मग रिषभ, गंधार, आणि बारावा परत पंचम. म्हणजे भूपातला धैवत काढून टाकला की जे उरतं ते. हे मी आप्पांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून आकडे तपासले, गणिताच्या मास्तरांसारखे, आणि मान हलवली. ऑपरेशननंतर गाण्याबद्दल काही तपासताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

कार्गिराचं मात्र वेगळं आहे. तिथे नुसता तोंडाचा आकार पुरत नाही. तिथे खऱ्या स्वरतंतूंच्या वरचे ते पदर, खोटे, मुद्दाम जवळ आणतात आणि तेही थरथरायला लागतात, खालच्यांच्या निम्म्या वेगाने, त्यामुळे मूळ सुराच्या बरोब्बर एक सप्तक खाली दुसरा सूर उभा राहतो. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ तशीच बसले. आप्पांच्या पाकिटातलं ते चित्र, तेच दोन पदर. म्हणजे आप्पांचा प्रश्न चुकीचा नव्हताच. त्यांनी हॉलमध्ये एका क्षणात कानाने ओळखलं होतं की हा माणूस तिथूनच बोलतोय जिथून मी बोलतो. मी मात्र "नाही" म्हणून मोकळी झाले. तुवाची मुलं हा आवाज मोठ्यांचं ऐकून, नक्कल करून करून मिळवतात, एक मोकळ्या मैदानाचा कार्गिरा, एक डोंगराचा, त्यात छातीचा घुमारा जास्त, आणि काही जण सांगतात की पिल्लू गेल्यावर सांडणी रडते त्यावरून हा आवाज आला. मला खरं-खोटं माहीत नाही पण ऐकताना ते पटतं. अर्थात आप्पांचा पदर जखमेवरचा आहे, त्याला ताबा नाही, आणि थेरपीच्या ताईंनी नंतर स्पष्ट सांगितलं की असले प्रयोग करायचे नाहीत. मी करूही देणार नाही. पण एकाच जागेला एकीकडे दुखणं म्हणतात आणि दुसरीकडे ती जागा कमवायला माणसं वर्षं घालवतात, हे कळल्यावर मला आप्पांच्या आवाजाकडे पूर्वीसारखं बघता येईना.

आता ते शामानचं. सेशनमध्ये सांगितलं तसं ते नाहीये, आणि याचं मला वाईट वाटलं, कारण जे आहे ते जास्त सुंदर आहे. तुवात शामानला खाम म्हणतात. त्याचं मुख्य वाद्य म्हणजे डफासारखा मोठा दुंगुर, आणि तो जे म्हणतो ते अल्गिश, म्हणजे आळवणीचे बोल, डोंगराच्या, पाण्याच्या, जागेच्या धन्याला केलेले. त्यात तो कावळ्याचा, लांडग्याचा आवाज काढेल, घोगरं बोलेल, गाईल, आजचे काही शामान खूमेयपण गातात. पण खूमेय वाढलं ते बहुतेक गुराख्यांच्या, मेंढपाळांच्या तोंडी, दिवसभर जनावरांमागे एकटं असताना. सोव्हिएत काळात खूमेय निदान स्टेजवर तरी चढलं, शामानांना मात्र तुरुंग बघावा लागला. मोंगुश केनिन-लोपसान नावाचे एक अभ्यासक होते, त्यांची आजी स्वतः शामान, त्यांनी आयुष्यभर हे अल्गिश म्हाताऱ्या माणसांकडून उतरवून घेतले आणि सोव्हिएत काळ संपल्यावर किझिलमध्ये दुंगुर याच नावाने शामानांची संस्था उभी केली. २०२२ मध्ये ते वारले, शंभरीच्या जवळ. मी त्यांचे फोटो बघितले, मोठे कान, बारीक डोळे, आमच्या मिरजेच्या आळीत सहज खपले असते. एवढं सगळं कोणीतरी जीव लावून जपलंय, आणि आपण ते पंधरा मिनिटांत गळा मोकळा करणारं औषध म्हणून चटईवर ऐकवतो. मला त्या सरांबद्दल राग नाही, माणूस मनाने चांगला होता, आप्पांना ठसका लागल्यावर पाणी घेऊन धावत आले. पण कॅन्सर झालेल्या माणसाला हा आवाज गळा बरा करतो असं सांगू नये. आशा लावलेली असते माणसाने.

मग या गाण्याने बरं होतं म्हणजे काय होतं, हे मी शोधत राहिले, आणि मला ते एका उंटिणीपाशी सापडलं. तुवाच्या शेजारी, मंगोलियात, एक रीत आहे. कधी कधी सांडणी आपलंच नवं पिल्लू जवळ येऊ देत नाही, किंवा आई मेलेलं पिल्लू दुसरीला लावायचं असतं. मग पहाटे किंवा तिन्हीसांजेला दोघांना जवळ बांधतात आणि कोणीतरी तिच्यासाठी गायला बसतं, बहुतेकदा घरातली बाई, बरोबर घोड्याच्या केसांच्या तारांचं वाद्य, आणि तोच एक शब्द, खूस, खूस, पुन्हा पुन्हा. तास तास चालतं. ती चावते, थुंकते, लाथ मारते, गाणारी थांबत नाही. शेवटी ती पिल्लाला पाजते, आणि बघणारे सांगतात की तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. युनेस्कोने २०१५ मध्ये ही रीत तातडीने जपायच्या यादीत घेतली, उंट पाळणारेच कमी होत चाललेत म्हणून. हे खूमेय नव्हे, हे मला माहितीये. पण तशीच माणसं, तसंच मैदान, आणि गाणं कोणालातरी उद्देशून. तुवाचे गायकसुद्धा नदीकाठी, कड्यासमोर जागा निवडून बसतात, वाऱ्याकडे बघून गातात, झऱ्याच्या कडेला झाडांना चिंध्या बांधलेल्या असतात तिथे गातात. ऐकणारा उत्तर देणार नाही हे ठाऊक असून त्याच्याशी बोलायचं. आप्पा कोणाशी बोलतच नव्हते, हे मला उंटिणीचा व्हिडिओ बघताना रडू आलं तेव्हा कळलं.

मिरजेत आम्ही एक गोष्ट ऐकत मोठे झालो, अब्दुल करीम खाँसाहेबांना प्लेग झाला होता आणि ते मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन गायले आणि बरे झाले, आणि मग मिरजेतच राहिले. उरुसात अजून तिथे रात्रभर गाणं होतं, आप्पा दरवर्षी जायचे, मला खांद्यावर घेऊन गेलेत. या गोष्टीवर माझा विश्वास आहे का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणते. प्लेग गाण्याने जातो म्हणून नाही. आजारी माणूस उठून गायला गेला, हे मला पुरतं.

आणखी एक गोष्ट वाचनात आली, जी बाई म्हणून माझ्या मनात राहिली. तुवात बायकांनी खूमेय गाऊ नये असं म्हणत, मूल होणार नाही, बाळंतपणात त्रास होईल. तरी काही जणी गुरं राखताना, कोणी नसताना, गायच्याच. १९९८ मध्ये तिथल्या मुलींनी तिवा किझी नावाचा बायकांचाच गट काढला, नावाचा अर्थच तुवाच्या मुली. त्यांचा कार्गिरा मी आईच्या फोटोखाली बसून ऐकला. आई देवघरासमोर पुटपुटल्यासारखी गायची, आणि आप्पा बाहेरून आले की थांबायची.

जानेवारीत एकदा रात्री जेवणं झाल्यावर मी आप्पांना पॉल पेनाची गोष्ट सांगितली. सॅन फ्रान्सिस्कोमधला आंधळा ब्लूज गायक, १९८४ मध्ये शॉर्टवेव्ह रेडिओ फिरवता फिरवता त्याला मॉस्को केंद्रावर हा आवाज लागला, काय आहे, कुठला आहे, काही कळेना, नाव मिळायलाच वर्षं गेली, आणि शिकवणारं कोणी नाही तर रेकॉर्ड ऐकून ऐकून स्वतःच शिकला. मधल्या काळात बायको गेली, एकटा पडला. मग कोंगार-ओल ओंदार हा तुवाचा मोठा गायक तिकडे कार्यक्रमाला आला असताना पेनाने त्याला गाऊन दाखवलं, ओंदारने त्याला तुवाला बोलावलं, आणि १९९५ मध्ये किझिलच्या स्पर्धेत हा माणूस कार्गिरात पहिला आला. लोकांनी त्याला भूकंप असं नाव दिलं. आप्पा पूर्ण ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी ओळीने प्रश्न विचारले, थंडी किती, खातात काय, मेंढ्या कोण बघतं गाताना, त्या आंधळ्याच्या गळ्याला पुढे काही झालं नाही ना. मी म्हटलं, गळ्याला नाही, पण २००५ मध्ये गेला तो, दुसऱ्या आजाराने. आणि मग म्हटलं, आप्पा, तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं ना, तर तो माणूस तुमच्याच जागेतून गात होता. ते वरचे पदर. ताईंनी काढून दिले होते ते.

आप्पा काही बोलले नाहीत. उठून झोपायला गेले.

चारपाच दिवसांनी मी सकाळी ओट्यापाशी होते तर बाहेरून म्हणाले, सुताचा दोरा आहे का गं, पांढरा, नायलॉनचा नको. मी शिवणाच्या डब्यातला दिला आणि परत पोळ्यांना लागले. मग बऱ्याच वेळाने तारांचा आवाज यायला लागला, आधी बेसूर, खुंट्या आवळल्याचा, मग एकेक तार जागेवर, मग तो दोरा सरकल्यावर जवारी उघडली तेव्हा मी गॅस बंद केला. तव्यावरची पोळी तशीच राहिली. आप्पा मफलर गुंडाळून भिंतीला टेकून बसले होते, मान तानपुऱ्याकडे कललेली, आणि त्यांनी आवाज लावला. गाणं नाही म्हणता येणार, जोर तर अजिबात नव्हता, बोलण्याच्याच आवाजात धरलेला एक आ, खाली, खर्जापाशी, मध्येच तुटणारा. ताईंना विचारायला हवं असं मनात आलंच, पण मी काही बोलले नाही. शोकेसमधली काचेची वाटी किणकिणत होती.

त्यांनी मला दारात बघितलं. म्हणाले, "गंधार येतोय का?"

मी डोळे मिटले. तानपुऱ्यात होता, स्पष्ट. त्यांच्या आवाजात मी शोधला, नीट शोधला, फरशीवर बसले, भिंतीला कान लावला.

"नाही आला आप्पा. परत लावा."

त्यांनी परत खर्ज छेडला.